हात किती वळतो, ते कागदावर आहे का?

तायांनो, मावश्यांनो, हा अंक हातात आला की एक काम करा. घरात दवाखान्याच्या कागदांची जी पिशवी असते ना, ती काढा. घरातल्या कुणाच्या हाताला कधी लागलं असेल, बोट मोडलं असेल, भाजलं असेल, मनगट दुखून काम बंद पडलं असेल, तर त्याचे कागद बाजूला करा. आता त्यात शोधा: बोट किती वळतं, मूठ किती मिटते, हे कुठे लिहिलंय का?

बहुतेक पिशव्यांत ते नसतं. एक्स-रे असतो. गोळ्यांच्या चिठ्ठ्या असतात. मेडिकलची बिलं असतात, त्यावरची शाई उडालेली असते. "ड्रेसिंग", "तपासणी फी" अशा दोन ओळींची पावती असते. आणि शेवटच्या कार्डावर लिहिलेलं असतं, "जखम भरली, पेशंट ठीक." पेण आणि रोहा तालुक्यातल्या बैठकांना फिरताना मी अशा पिशव्या पुष्कळ बघितल्या. पायाचं असेल तर निदान "लंगडते" असं कुणीतरी लिहितं. हाताचं कुणी लिहीत नाही. हात दिसायला पुरता असला की झालं.

आणि आपलं सगळं पोट तर हातावर. हमरापूर, जोहे, कळव्याकडच्या गणपतीच्या कारखान्यांत रंगकाम करणाऱ्या ताया, पेणच्या पापडांच्या लाट्या करणाऱ्या, लावणीत दिवसभर वाकून रोप लावणाऱ्या, विळ्याने भात कापणाऱ्या, कोळंबी सोलणाऱ्या, रोह्याच्या धाटाव एमआयडीसीत ठेकेदाराकडे पॅकिंगला जाणाऱ्या. यातल्या एकीचंही काम अंगठा आणि तर्जनी नीट चालल्याशिवाय होत नाही.

रोह्याकडच्या एका गटातल्या ताईचं उदाहरण घेते. नाव देत नाही, तिचीही तशीच इच्छा आहे. मशीनमध्ये तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट सापडलं. टाके पडले, हाड सांधलं, दोन महिन्यांनी पट्टी सुटली. पण बोट वळेना. विळा धरला की मूठ सैल राहते, भाकरी थापताना बोट सरळच्या सरळ उभं. भरपाईचं विचारायला गेली तेव्हा ठेकेदाराच्या माणसाने तिचंच कार्ड तिला दाखवलं. "जखम भरली लिहिलंय की बाई. मग भरपाई कसली?"

तो खोटं बोलत नव्हता. कार्डावर तेवढंच होतं. जखम भरणं आणि हात चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी कुणी मोजलीच नव्हती.

मोजतात कसं?

शाळेतल्या कंपासपेटीत कोन मोजायचा अर्धगोल असतो, आठवतो ना? तसंच, पण दोन पट्ट्यांचं एक साधन असतं. त्याला गोनिओमीटर म्हणतात. हाडांचे डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट ते बोटाच्या सांध्यावर ठेवतात, एक पट्टी सांध्याच्या अलीकडे, एक पलीकडे, आणि बोट वळवायला सांगतात. जेवढं वळेल तेवढे अंश. दुखत नाही, सुई नाही, एका बोटाला एक-दोन मिनिटं लागतात.

अंगठा सोडून प्रत्येक बोटाला तीन सांधे. तळहाताजवळचा, मधला आणि नखाजवळचा. चांगल्या हातात तळहाताजवळचा सांधा साधारण ९० अंश वळतो, मधला १००, नखाजवळचा ७०. बेरीज २६०. या ताईचं बोट नंतर एका फिजिओथेरपिस्टने मोजलं तेव्हा ७०, ३५ आणि १० आले. बेरीज ११५. आता बघा, "बोट वळत नाही" हे वाक्य आणि "२६० पैकी ११५ अंश" हे वाक्य, यातलं कुठलं वाक्य ऑफिसातल्या टेबलावर टिकेल?

माप दोन प्रकारे घेतात. एक म्हणजे तुम्ही स्वतः जोर लावून बोट वळवायचं. दुसरं म्हणजे डॉक्टरांनी त्यांच्या हाताने तुमचं बोट वळवायचं. दोन्ही आकडे वेगळे येऊ शकतात आणि दोन्ही कामाचे आहेत. डॉक्टरांनी वळवलं तर वळतं, पण तुमचं तुम्हाला वळत नाही, म्हणजे बहुधा शिर किंवा नस यांचा प्रश्न. कुणीही वळवलं तरी वळत नाही, म्हणजे सांधा किंवा त्याच्याभोवतीची कातडीच आखडली. उपाय त्यावरून ठरतो. म्हणून हे माप फक्त सरकारी कागदासाठी नाही, तुमच्या हातासाठीही आहे.

शिवाय दुसऱ्या हाताचंही माप शेजारी लिहून घ्यायचं. कुणाची बोटं मुळातच कडक असतात, कुणाची मऊ. तुमचाच डावा हात तुमच्या उजव्या हाताचा साक्षीदार. आणि तुम्ही उजव्या आहात की डावखुऱ्या, हेही लिहिलेलं असावं. कामाचा हात कुठला याला किंमत आहे, पुढे येईलच.

मूठ मिटल्यावर बोटाचं टोक तळहातापासून किती सेंटिमीटर लांब राहतं, हेही काही डॉक्टर लिहितात. हे तर तुम्ही घरी पट्टीने मोजू शकता. वहीत तारीख टाकून दर आठवड्याला लिहा. घरचं माप कुठे पुरावा म्हणून चालणार नाही, पण व्यायामाने फरक पडतोय का ते तुम्हाला कळेल, आणि डॉक्टरांसमोर बोलताना हातात काहीतरी असेल.

एकच बोट, प्रत्येक दारात वेगळा हिशेब

इथे आपल्या तायांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो. बोट अर्धंच वळतं, म्हणजे पन्नास टक्के अपंगत्व, म्हणजे प्रमाणपत्र मिळणार, असं धरून चालतात. तसं नसतं. दिव्यांग प्रमाणपत्राची मोजपट्टी वेगळी, कामावरच्या अपघाताची वेगळी, विम्याची वेगळी. बोट तेच. सगळ्या मोजपट्ट्यांना एकच गोष्ट लागते, ती म्हणजे डॉक्टरांच्या हाताने लिहिलेलं माप.

दिव्यांग प्रमाणपत्राचं आधी बघू. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. त्याखाली केंद्र सरकारने तपासणीच्या सूचना काढल्या. त्यात पंजाला एकूण ९० गुण धरलेत आणि त्याचे तीन भाग केलेत: पकड ३०, स्पर्श ३०, ताकद ३०. जेवढं गेलं तेवढे टक्के तुमच्या बाजूला जमा होतात. परीक्षेच्या उलट, इथे नापास झालं की गुण मिळतात.

पकडीचे ३० कसे ते सांगते, कारण ते वाचलं की कळतं की ही तपासणी आपल्या रोजच्या कामाचीच आहे. अंगठ्याचं टोक चारही बोटांना लावून दाखवायचं, प्रत्येक बोटाचे २, असे ८. किल्ली धरतो तशी अंगठा आणि तर्जनीची बाजूची चिमूट, ५. गोल दांड्यासारखी वस्तू मुठीत धरणं, मोठी चार इंची असेल तर ३ आणि लहान एक इंची असेल तर ३. चेंडूसारखी वस्तू धरणं, तिथेही मोठीचे ३, लहानीचे ३. आणि पिशवी बोटांत अडकवून उचलणं, त्याचे ५. झाले ३०.

स्पर्शाचे ३० बोटांवर वाटलेत. अंगठ्याचा स्पर्श पूर्ण गेला तर ९, तर्जनीचा ६, बाकी तीन बोटांचे ५-५. तवा लागला तरी कळत नाही, भाजल्यावर फोड बघून कळतं, असं कुणाचं असेल तर ते आवर्जून सांगा. बायका दुखतं ते सांगतात, जे दुखत नाही ते सांगतच नाहीत! बधिरपणा हीसुद्धा तक्रार आहे. ताकदीच्या ३० मध्ये मुठीची २० आणि चिमटीची १०. त्यासाठी दाबायचं एक यंत्र असतं, नसेल तर डॉक्टर स्वतःची बोटं दाबायला देऊन अंदाज घेतात. शिवाय हात वाकडा झाला असेल, आखडला असेल, किंवा तो कामाचा हात असेल, तर वरचे काही गुण मिळतात, पण ते जास्तीत जास्त १०.

आता आपल्या ताईचं मधलं बोट या पट्टीवर ठेवा. मधल्या बोटाला अंगठा टेकत नाही, २. लहान वस्तू मुठीत नीट बसत नाही, त्याचे ३ आणि ३. मुठीची ताकद कमी, त्याचे काही. सगळं मिळून ४० च्या बऱ्याच खाली राहतं. आणि संजय गांधी निराधार योजना म्हणा, एसटीची ७५ टक्के सवलत म्हणा, दार ४० टक्क्यांना उघडतं. म्हणजे तिने प्रमाणपत्राच्या मागे अलिबागच्या चार फेऱ्या मारण्यात अर्थ नव्हता. हे तिला आधी कुणीतरी सांगायला हवं होतं, असं मला वाटतं. मजुरी बुडवून जाणाऱ्या बाईला "जाऊन तर बघा" हा सल्ला फुकटचा नसतो.

पण अंगठा आणि तर्जनी दोन्ही गेलेली, किंवा भाजून पूर्ण पंजा आखडलेली, किंवा लकव्याने हात लुळा पडलेली बाई असेल, तर तिने नक्की जावं. अर्ज यूडीआयडीच्या संकेतस्थळावर मोबाईलवरूनही भरता येतो. आधार, फोटो आणि आधीचे उपचाराचे कागद लागतात. तपासणी सरकारी दवाखान्यात होते, आपल्या जिल्ह्यासाठी अलिबागचं जिल्हा सामान्य रुग्णालय. प्रमाणपत्राला सरकारी फी नाही. सेवा केंद्रवाला फॉर्म भरायचे पैसे घेईल, ते वेगळे, पण "डॉक्टरांना द्यावे लागतात" असं कुणी म्हणालं तर आम्हाला कळवा. हात पुढे सुधारण्यासारखा असेल तर प्रमाणपत्र काही मुदतीचं देतात, मुदत संपली की पुन्हा तपासणी. टक्के कमी दिले असं वाटलं तर अपील करायची सोय त्याच कायद्यात आहे.

कामावर लागलं असेल तर

इथे आकडे मोठे आहेत, म्हणून जरा थांबून वाचा.

कामावर अपघात झाला तर मालकाने भरपाई द्यायची, हा कायदा १९२३ चा आहे. आता तो २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावून घेतलाय. १९२३ च्या कायद्याला एक तक्ता जोडलेला होता, त्यात कुठलं बोट किती तुटलं तर कमाईची ताकद किती टक्के गेली असं धरायचं, ते पेरापेराने दिलेलं आहे. अंगठा गेला, ३० टक्के. तर्जनी पूर्ण गेली, १४. तर्जनीची दोन पेरं, ११. एक पेर, ९. हाड न जाता नुसतं टोक छाटलं गेलं, ५. मधलं बोट पूर्ण, १२. करंगळी किंवा तिच्या शेजारचं बोट पूर्ण, ७. एका हाताची चार बोटं, ५०.

रक्कम काढायची रीतही ठरलेली आहे. महिन्याच्या पगाराचे ६० टक्के, गुणिले वयाप्रमाणे दिलेला एक आकडा, आणि त्याचे वरचे टक्के. समजा ताईचं वय ४०, पगार १२,०००. ६० टक्के म्हणजे ७,२००. चाळिशीचा आकडा १८४.१७. गुणाकार १३,२६,०२४. तर्जनीचं एक पेर गेलं असेल तर त्याचे ९ टक्के, म्हणजे सुमारे १ लाख १९ हजार. पूर्ण तर्जनी गेली असेल तर १४ टक्के, सुमारे १ लाख ८५ हजार. सुमारे सहासष्ट हजारांचा फरक, आणि तो ठरतो डॉक्टरांनी "बोटाला इजा" लिहिलं की "उजवी तर्जनी, अमुक सांध्यापासून" लिहिलं, यावर.

"पण आमच्या ताईचं बोट तर तुटलं नाही, आखडलं!" बरोबर. तक्त्यात नसलेल्या इजेलाही भरपाई आहे. तिथे कमाईची ताकद किती गेली हे डॉक्टरांनी ठरवून लिहायचं असतं. डॉक्टर ते कशावरून ठरवणार? अंशांच्या मापावरून, मुठीच्या ताकदीवरून, आणि तुमचं काम नेमकं काय होतं त्यावरून. म्हणून डॉक्टरांना कामाचं नाव नाही, काम सांगा. "कंपनीत आहे" एवढं सांगू नका. "दिवसभर पिशव्यांची तोंडं दोन्ही हातांनी धरून मशीनखाली द्यायची" असं सांगा.

दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत करायचा असतो. ठेकेदाराकडे असाल तरी मूळ कंपनी हात झटकू शकत नाही. आणि पगारातून ईएसआय कापला जात असेल तर वाट वेगळी: ईएसआयचं कार्ड दाखवून तिथेच जायचं, अपघाताची नोंद मालकाने करायची, आणि कायमचं नुकसान किती हे त्यांचं मेडिकल बोर्ड ठरवतं. तिथेही बोर्डापुढे मापाचा कागद असला की बोलणं सोपं जातं. पगाराची पावती जपून ठेवा, त्यावर कापणी दिसते.

घरी बसून नगावर पापड लाटणाऱ्या किंवा रंगकाम घरी आणून करणाऱ्या तायांना मात्र या कायद्याचा आधार मिळणं अवघड आहे. त्यांचा मालक कागदावर कुठे नसतोच. मनगट तर त्यांचंही जातं. मला हे पटत नाही, पण आहे ते असं आहे.

त्यांच्यासाठी आणि सगळ्यांसाठीच, बँकेतला २० रुपयांचा विमा बघून घ्या. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. १८ ते ७० वयापर्यंत, १ जून ते ३१ मे. गटाचं खातं उघडताना बऱ्याच जणींच्या वैयक्तिक खात्यावर तो चालू झालेला असतो आणि त्यांना माहीतही नसतं. पासबुकात मे-जूनच्या सुमारास २० रुपये कापलेले दिसतील. अपघाताने एका हाताचा वापर कायमचा पूर्ण गेला तर १ लाख, दोन्ही हातांचा गेला तर २ लाख. एक बोट आखडलं तर यात काही मिळत नाही, तेही स्पष्ट सांगते. पण "वापर" हा शब्द लक्षात ठेवा. हात जागेवर आहे पण त्याचा वापर पूर्ण गेला, हे सिद्ध करायला पुन्हा तेच लागतं, सरकारी डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि मापं.

बिलावरचे आकडे आणि अक्षरं

आपल्या काही तायांच्या मुली बारावीनंतर पनवेल-नवी मुंबईकडे "मेडिकल कोडिंग"चा कोर्स करतात. आई विचारते, म्हणजे नक्की काय गं? काम असं असतं: डॉक्टरांनी लिहिलेला अहवाल वाचायचा आणि प्रत्येक आजाराला, प्रत्येक उपचाराला ठरलेला नंबर लावायचा. त्या नंबरावर विमा कंपनी पैसे देते. यातलं पुष्कळ काम अमेरिकेतल्या दवाखान्यांचं असतं. तिकडे हाताच्या हालचालीचं माप घेऊन अहवाल लिहिणं याला स्वतःचा वेगळा नंबर आहे, ९५८५२. इतर अवयवांचा वेगळा, पंजाचा वेगळा! आणि कोडिंगच्या वर्गात पहिल्या आठवड्यात शिकवतात की जे लिहिलेलं नाही ते केलेलंच नाही असं धरायचं. डॉक्टरने माप घेतलं पण आकडा लिहिला नाही, तर नंबर लागत नाही, पैसे येत नाहीत.

आपल्याकडे मापाची अशी वेगळी ओळ बिलात सहसा नसते. ते "तपासणी फी" किंवा "फिजिओथेरपी" या शब्दात बुडून जातं, आणि म्हणूनच बहुधा ते लिहिलंही जात नाही. पण आजाराचे नंबर आपल्याकडेही आहेत. जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-१० नावाची यादी आहे, डिस्चार्ज कार्डावर किंवा विम्याच्या फॉर्मवर निदानाशेजारी एक इंग्रजी अक्षर आणि आकडे असतात, ते त्यातले. एस-६० ते एस-६९ म्हणजे मनगट आणि पंजाची इजा. टी-२३ म्हणजे मनगट आणि हात भाजणं. एम-६५.३ म्हणजे बोट अडकून खटकन सुटतं तो आजार. जी-५६.० म्हणजे मनगटातली नस दाबली जाणं, रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते ती. आणि एम-२५.६ म्हणजे सांधा आखडणं.

हे पाठ करायची गरज नाही. एवढंच बघायचं की हात आखडला असताना कागदावर फक्त जखमेचाच नंबर तर नाही ना. जखमेचा नंबर जखम भरली की संपतो. आखडलेपणाची वेगळी नोंद असेल तर पुढच्या उपचाराला आणि दाव्याला ती उपयोगी पडते. तसंच अपघात कसा झाला याचेही नंबर असतात. शेतीच्या यंत्राने वेगळा, इतर मशीनने वेगळा, पडल्याने वेगळा. दवाखान्यात नेणारा माणूस घाईत "पडली" म्हणून सांगतो, कधी मालकाचा माणूसच तसं सांगतो. तो शब्द कागदावर एकदा गेला की काढायला फार त्रास होतो. शुद्धीत असाल तर स्वतःच्या तोंडाने सांगा, हात मशीनमध्ये सापडला.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन झालं तर बिल तुमच्या हातात येतच नाही. प्रत्येक ऑपरेशनचा दर आधी ठरलेला असतो, दवाखाना तो सरकारकडून घेतो. वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत. त्यात तपासण्या, औषधं, जेवण धरलेलं असतं, वेगळे पैसे मागायचे नसतात. मागितले तर तिथे बसलेल्या आरोग्यमित्राला सांगा, नाहीतर १५५३८८ या नंबरवर फोन करा. मात्र दाखल न होता रोज जाऊन घेतलेली फिजिओथेरपी त्यात येईल असं धरू नका, आणि हात सुटतो तो तर नेमका तिथे. खाजगीत रोजचे पैसे भरणं आपल्यापैकी कितीजणींना जमतं? म्हणून सरकारी दवाखान्यात आधी विचारा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केस पेपरसकट तपासणी आणि उपचार मोफत आहेत. पेण आणि रोहा, दोन्हीकडे उपजिल्हा रुग्णालय आहे. हाडांचे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट कुठल्या वारी असतात ते आशाताईंना विचारून किंवा फोन करून जा.

खाजगी दवाखान्यात बिल मागताना "सगळं वेगवेगळं लिहून द्या" असं म्हणा. ते मागणं तुमचा हक्क आहे. तिथे दाखल झाला असाल तर उपचाराच्या नोंदींची प्रतही लेखी अर्ज करून मागता येते, डॉक्टरांनी ती ७२ तासांत द्यायची असते. नोंदी तीन वर्षं ठेवाव्या लागतात, त्यामुळे जुन्या अपघाताचं असेल तर लवकर अर्ज करा.

डॉक्टरांना म्हणायचं काय?

तायांना माहिती असते, पण टेबलासमोर बसलं की तोंडातून शब्द फुटत नाही. बाहेर पन्नास माणसांची रांग, डॉक्टर घाईत, मागची बाई केस पेपर पुढे सरकवतेय. म्हणून वाक्य घरूनच ठरवून जा. "डॉक्टर, माझं बोट किती वळतं ते अंशात मोजून कागदावर लिहून द्याल का? मला कामाच्या भरपाईसाठी लागणार आहे." एवढंच. यात उद्धटपणा काही नाही. डॉक्टर म्हणाले मला वेळ नाही, तर म्हणायचं, "मग फिजिओथेरपिस्टकडे चिठ्ठी द्याल का?" चिठ्ठी द्यायला बहुतेक डॉक्टर नाही म्हणत नाहीत.

मिळालेल्या कागदावर कुठला हात, कुठलं बोट, कुठला सांधा, किती अंश, दुसऱ्या हाताचे किती, तारीख, सही आणि शिक्का एवढं आहे का ते खोलीतून बाहेर पडायच्या आधी बघा. वाचता येत नसेल तर बोट दाखवून विचारा, "हा आकडा कुठल्या सांध्याचा?" एकदाच माप घेऊन भागत नाही. पट्टी सुटल्यावर एक, व्यायामाचे दीड-दोन महिने झाल्यावर एक, आणि डॉक्टर म्हणाले की आता यापुढे फरक पडणार नाही, तेव्हा एक. तिसरा कागद सगळ्यात महत्त्वाचा, कारण कायमचं नुकसान किती ते त्यावरून ठरतं. पण पहिले दोन नसतील तर समोरचा म्हणतो, बाईने व्यायामच केला नाही म्हणून आखडलं.

रोह्याच्या त्या ताईकडे आता मापाचा कागद आहे, २६० पैकी ११५ लिहिलेला, डाव्या हाताच्या त्याच बोटाचे २५५ शेजारी. दोन वर्षं व्हायला अजून सात महिने बाकी आहेत. अर्ज तयार झालाय. तिच्या गटाने वकिलाच्या फीसाठी अंतर्गत कर्ज द्यायचं ठरवलंय आणि ते ठरावाच्या वहीत लिहिलंय.

पुढच्या मासिक बैठकीला हाताच्या इजेचे कागद ज्यांच्याकडे असतील त्यांनी पिशवी घेऊन या. मूळ कागद कुणाकडे देऊ नका, माझ्याकडेही नाही, झेरॉक्स आणा. शाई उडत चाललेल्या बिलांचा मोबाईलवर आजच फोटो काढून ठेवा.